मिरजेहून स्टुटगार्टला, नर्स म्हणून (अनुभव आणि प्रश्नोत्तरं)

मिरजेची_सिस्टर

गेल्या महिन्याभरात तीन जणींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारला: "ताई, जर्मनीला जायला एजंटला किती द्यायचे?" त्यातल्या एकीने साडेचार लाखांपैकी दोन लाख देऊनही टाकले होते, वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढून. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. म्हणून सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. मिरजेत शिकले, पुण्यात एका खासगी हॉस्पिटलला सहा वर्षं आयसीयू स्टाफ होते. ऑक्टोबर २०२२ पासून स्टुटगार्टजवळच्या एका हॉस्पिटलात आहे, मेडिसिन वॉर्डला. एजंटला मी एक रुपया दिलेला नाही. जर्मनचे क्लास, परीक्षा, भाषांतरं, कुरियर असा माझा स्वतःचा खर्च दोन लाखांच्या आत झाला, तोही दोन वर्षांत थोडा थोडा. विमानाचं तिकीट हॉस्पिटलने काढलं. व्हिसाचं काम लवकर व्हावं म्हणून इथे एक जलद प्रक्रिया आहे, तिची ४११ युरो फी मालक भरू शकतो; माझी त्यांनीच भरली.

सुरुवात भाषेपासून करा, कागदांपासून नाही. मी पुण्यात ड्यूटी सांभाळून संध्याकाळी शिकले. नाइट असली की सकाळी घरी येऊन, तोंड धुऊन, झोपायच्या आधी तासभर. जर्मनच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत जातात. बी-वन झालं की हॉस्पिटलं मुलाखत घेतात. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर बी-टू लागतं. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ. मी लिहिण्यात एकदा नापास झाले. सगळी परीक्षा परत द्यावी लागत नाही, राहिलेला भाग तेवढा देता येतो.

मग आनेर्केनुंग, म्हणजे तुमच्या शिक्षणाला मान्यता. हे काम प्रत्येक राज्याचं वेगळं कार्यालय करतं. बाडेन-व्युर्टेंबर्गचं स्टुटगार्टमध्ये आहे. ते तुमचं शिक्षण इथल्या तीन वर्षांच्या कोर्सशी तासागणिक ताडून बघतात: इथे २१०० तास थिअरी आणि २५०० तास प्रॅक्टिकल. माझ्या मार्कशीटवर मार्क होते, तास नव्हते. प्रत्येक विषयाचे आणि प्रत्येक वॉर्ड पोस्टिंगचे तास लिहिलेलं, शिक्क्याचं पत्र कॉलेजकडून आणावं लागलं. त्यासाठी मी चार वेळा पुणे-मिरज केलं. क्लार्कना दर वेळी "पुढच्या आठवड्यात या" म्हणायची सवय. शेवटी मीच लॉगबुकवरून तक्ता करून नेला आणि प्राचार्या मॅडमनी तो तपासून सही केली. तुम्ही पहिल्या फेरीलाच तक्ता घेऊन जा.

अर्जाचं उत्तर येतं ते बहुतेक वेळा 'डेफिझिट-बेशाइड' म्हणून. उणिवांचं पत्र. ते बघून मी रडले होते, कारण मला वाटलं नकार आला. तो नकार नसतो. तुमच्या शिक्षणात काय कमी पडतं (आपल्याकडच्यांचं बहुधा वृद्धसेवा) ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते भरून काढायचे दोन रस्ते दिलेले असतात: हॉस्पिटलात राहून ठरावीक मुदतीचं प्रशिक्षण, नाहीतर एक परीक्षा, केन्टनिसप्र्युफुंग, तोंडी आणि प्रत्यक्ष पेशंटजवळ. नापास झालात तर ती पुन्हा एकदाच देता येते. या पत्रावर व्हिसा मिळतो. इथे येऊन उणीव भरून काढेपर्यंत तुम्ही मदतनीस म्हणून काम करता, पगारही मदतनिसाचा. मान्यतेचं पत्र, उर्कुंडे, हातात आलं की त्या दिवसापासून तुम्ही फ्लेगेफाखफ्राउ, म्हणजे पूर्ण नर्स.

कागदांवरून एक सांगते. पुण्यात मला एका दुकानदाराने "जर्मनीला अपॉस्टिल लागतोच" म्हणून आठ हजार सांगितले होते. अपॉस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का, हेगच्या करारातले देश एकमेकांचा तो मानतात. त्या करारात भारत २००५ मध्ये आला तेव्हा जर्मनीने त्याला आक्षेप घेतला होता, म्हणजे आपला अपॉस्टिल इथे आपोआप चालत नाही. त्यामुळे आधीच पैसे घालू नका. ज्या कार्यालयात अर्ज करणार तिथे इमेल करा, कोणती साक्षांकित प्रत हवी ते ते लिहून कळवतात.

आता खरं काम. पुण्यात मी व्हेंटिलेटर सांभाळायचे, सेंट्रल लाइन बघायचे, सलाईन तर डोळे मिटून लावायचे. इथे पहिल्या दिवशी सकाळी सहाला मला हातात टॉवेल, बेसिन आणि कोमट पाणी दिलं. ग्रुंडफ्लेगे. पेशंटला आंघोळ घालणं, दात घासणं, केस विंचरणं, संडासला नेणं, भरवणं. आपल्याकडे हे मावशी करतात, नाहीतर नातेवाईक. इथे ते नर्सचं काम आहे आणि त्याला नर्सिंगचा पाया मानतात. पहिले दोन महिने मला अपमान वाटायचा. हे लपवून लिहिलं तर तुमची फसवणूक होईल.

एक दिवस एका आजींना मी सूप भरवत होते. आपल्या आजीला भरवावं तसं, पटापट, मायेने. माझी प्रशिक्षक बाजूला उभी होती. तिने माझं मनगट हलकेच धरलं आणि चमचा आजींच्या हातात दिला. आजींचा हात थरथरत होता. अर्धं सूप रुमालावर सांडलं, एका वाटीला वीस मिनिटं लागली. पण वाटी आजींनी स्वतः संपवली. नंतर प्रशिक्षक म्हणाली, "त्यांना घरी जायचंय. घरी चमचा कोण धरणार?" केन्टनिसप्र्युफुंगमध्येही नेमकं हेच बघतात. पेशंट स्वतः काय करू शकतो हे तुम्ही विचारलंत का? तोंडाला साबण लावू की नुसतं पाणी, हे विचारलंत का?

प्रश्न असतील तर इथेच विचारा, म्हणजे सगळ्यांना उपयोग होईल.

कासची_फुलं

ताई, किती मनापासून लिहिलंय! मी साताऱ्याची, जीएनएम २०२२, सध्या सोळा हजारांवर काम करते. बीएससी नाही म्हणून चालेल का? आणि माझी मावसबहीण एएनएम (त्याहून छोटा कोर्स) आहे, तिचं काय?

मिरजेची_सिस्टर

जीएनएम चालतं, मीच जीएनएम आहे. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन चालू ठेव, नूतनीकरण राहिलं असेल तर आधी ते करून घे. एएनएमला नर्स म्हणून मान्यता मिळत नाही. कुणी "एएनएमला डायरेक्ट नर्सचा जॉब" म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. तिच्यासाठी औसबिल्डुंग आहे: तीन वर्षं इथेच शिक्षण, निम्मं शाळेत, निम्मं वॉर्डात, आणि पहिल्या महिन्यापासून हजार युरोच्या वर विद्यावेतन. पण बारावी आणि चांगलं बी-वन हवं, बी-टू असेल तर फारच उत्तम. वर्गात तिच्याबरोबर अठरा-एकोणीस वर्षांची जर्मन मुलं असतील आणि शिक्षिका तिच्यासाठी सावकाश बोलणार नाहीत.

राईनकिनारी

छान धागा. एक भर घालतो. माझी बायको इथे नर्स आहे. १ मार्च २०२४ पासून 'मान्यता-भागीदारी' नावाचा नवीन मार्ग आहे. मालक तयार असेल तर ए-टू जर्मनवर इथे येता येतं आणि मान्यतेचा अर्ज इथे आल्यावर करता येतो. म्हणजे भारतात दोन वर्षं थांबायला नको.

मिरजेची_सिस्टर

दादा, मार्ग आहे हे खरं. पण मी कुणाही मुलीला ए-टूवर या म्हणणार नाही. नगरपालिकेत पत्ता नोंदवायला, बँकेत खातं उघडायला ए-टू पुरेल. पेशंटजवळ नाही पुरत.

माझं बी-टू झालेलं होतं, तरी पहिल्या महिन्यात काय झालं ते सांगते. एक आजोबा म्हणाले, फूस दुखतो. क्लासमध्ये शिकलेलं: फूस म्हणजे पाऊल, बाइन म्हणजे पाय. मी चादर बाजूला करून पाऊल बघितलं, बोटं बघितली, टाच दाबली. काही नाही. आजोबा वैतागले. मग कळलं की या भागातल्या बोलीत, श्वेबिशमध्ये, फूस म्हणजे मांडीच्या सांध्यापासून अंगठ्यापर्यंत सगळा पाय. म्हणजे अगदी आपल्या 'पाय'सारखंच! आजोबांची मांडी सुजली होती, आणि पडून असलेल्या पेशंटची एक मांडी सुजणं म्हणजे काय हे कुठल्याही नर्सला कळतं. डॉक्टरांना बोलावलं, सोनोग्राफीत गुठळी निघाली. मी पावलावरच थांबले असते तर?

तसंच रात्री एका बाईंनी टेपिश मागितला. पुस्तकात टेपिश म्हणजे गालिचा. मी जमिनीकडे बघत राहिले. त्यांना थंडी वाजत होती, ब्लँकेट हवं होतं. इथली जुनी माणसं ब्लँकेटला टेपिश म्हणतात. आणि हेबन म्हणजे उचलणं असं मी पाठ केलेलं, तर इथे 'हेब' म्हटलं की 'धरून ठेव'. दोघी मिळून पेशंटला कुशीवर वळवताना एकीने 'धर' म्हणावं आणि दुसरीने उचलायला जावं, म्हणजे काय होईल विचार करा.

ही बोली कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत. पण हातात बी-टू असेल तर निदान "म्हणजे नेमकं कुठे?" असं विचारायचा धीर होतो. ए-टूवाली मुलगी मान हलवून 'या, या' (हो, हो) म्हणते. मी पाहिल्यात अशा मुली. हुशार, मेहनती, आणि हँडओव्हरच्या वेळी भिंतीला टेकून उभ्या. कुणी त्यांना औषधांना हात लावू देत नाही, वर्षभर नुसते बेड बदलतात.

राईनकिनारी

पटलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली तिच्या वॉर्डातही अशी एक मुलगी आहे. ए-टूचा सल्ला मागे घेतो.

गोदाकाठ

मी नाशिकची, बीएससी, २०२१ पासून इंग्लंडात. तिकडचंही थोडं लिहिते म्हणजे तुलना करता येईल.

इथे नोंदणी एनएमसीकडे, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलकडे. इंग्रजीसाठी आयेल्ट्समध्ये सात (लिहिण्यात साडेसहा चालतात) किंवा ओईटीमध्ये बी (लिहिण्यात सी-प्लस). मी ओईटी दिली. त्यात डिस्चार्जचं पत्र लिहायचं असतं, पेशंटशी बोलायचं असतं, आपलं रोजचंच काम. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची परीक्षा, भारतातल्याच सेंटरवर, त्यात औषधाच्या डोसची गणितं आणि नर्सिंगचे प्रश्न. मग इथे येऊन ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, दहा स्टेशनं. त्यातली चार एकाच पेशंटभोवती: तपासणं, नियोजन, काम, हँडओव्हर. बाकीची कौशल्यांची आणि लेखी. मी पहिल्या वेळी एका कौशल्याच्या स्टेशनला पडले, कारण पेशंटच्या हातातला पट्टा बघून नाव आणि जन्मतारीख ताडली नाही. बारा वर्षांची सवय: आपल्या वॉर्डातला पेशंट, चेहऱ्याने ओळखतो, विचारायचं काय! इथे न विचारणं ही चूक, हात कितीही सफाईदार असू दे. आता नाशिकला सुट्टीवर गेले तरी औषध देण्याआधी आईला नाव विचारावंसं वाटतं.

बीएससीवाल्यांनी ट्रान्स्क्रिप्टसाठी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात अर्ज लवकर करावा.

पण सध्या इंग्लंडची वाट अरुंद झालीय हे स्पष्ट सांगते. मी आले तेव्हा आमच्या हॉस्पिटलात दर महिन्याला परदेशी नर्सेसची नवी तुकडी यायची. आता बाहेरून भरती जवळपास थांबलीय. आणि 'केअर व्हिसा'च्या नावाखाली अजूनही कुणी पैसे मागत असेल तर ऐका: २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करसाठी (वृद्धांची, आजाऱ्यांची सेवा करणारे, नर्स नव्हेत) परदेशातून नवीन भरती बंद झालेली आहे. नर्सचा व्हिसा वेगळा, तो चालू आहे, पण त्यालाही हॉस्पिटलचं स्पॉन्सरशिप लागतं आणि ते विकत मिळत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने केअरच्या नावावर बारा लाख भरले. इथे आल्यावर कंपनीकडे काम नव्हतं. थंडीत एका खोलीत सहा जणी राहिल्या.

मांजराकाठ

नमस्कार ताई. मी नर्स नाही, मुलीचा बाप आहे. लातूर जिल्ह्यात शेती करतो. मुलगी बीएससी नर्सिंग झाली. एका एजंटने जर्मनीसाठी तीन लाख सांगितले, पन्नास हजार आगाऊ दिलेत. तिच्या ओरिजनल मार्कशीट आणि पासपोर्ट त्याच्याकडे आहेत. तो म्हणतो भाषा तिकडे गेल्यावर शिकवतात. धागा वाचून पोटात गोळा आला. काय करावं?

मिरजेची_सिस्टर

काका, घाबरू नका, अजून बरंच हातात आहे.

पहिलं काम, उद्याच्या उद्या जाऊन पासपोर्ट आणि ओरिजनल परत आणा. पासपोर्ट दुसऱ्या कुणाला ठेवून घेता येत नाही. "कौन्सिलला दाखवायचेत" सांगा, काहीही सांगा, पण घेऊन या. जाताना गावातलं कुणी कायदा जाणणारं माणूस बरोबर न्या.

दुसरं, त्याला परवाना क्रमांक विचारा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, आणि अशा नोंदणी असलेल्यांची यादी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. नोंदणी असलेल्यालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात, तेही पावती देऊन. तीन लाख कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

आणि भाषा तिकडे गेल्यावर शिकवतात हे साफ खोटं आहे. मुलाखत जर्मनमध्ये होते. माझी पाऊण तास चालली आणि मुख्य परिचारिकेने विचारलं होतं की मधुमेहाच्या पेशंटच्या पायाची काळजी कशी घेशील. मुलाखतीशिवाय कुठलंही हॉस्पिटल करार देत नाही.

जर्मनीत नर्स आणणाऱ्या संस्थांसाठी सरकारी गुणवत्ता-मोहोर आहे. तिची अटच अशी की भरतीचा खर्च मालकाने करायचा, नर्सने नाही. 'ट्रिपल विन' नावाची सरकारी योजना २०१३ पासून चालू आहे, तीही नर्ससाठी मोफत. केरळची नोर्का ही संस्था २०२१ मध्ये तिच्यात आली, म्हणून केरळच्या मुली वर्गात बसून भाषा शिकून, एकही रुपया न देता येतात. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट ठेवून, आणि त्यात नर्सिंग आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, म्हणजे नातं जुनंच आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी चौकशी करा. पण सरकारी भाषावर्गाची वाट बघत बसू नका, ए-वन आजपासून सुरू होऊ शकतं.

निवृत्त_मेट्रन

मी सरकारी रुग्णालयात चौतीस वर्षं काढली. मुलींनो, तुमचं कौतुक आहे, पण माझं दुखणं कुणीतरी ऐका. मी निवृत्त झाले तेव्हा चाळीस खाटांच्या वॉर्डला रात्री एक सिस्टर होती, आणि जमिनीवरचे पेशंट वेगळे. ज्या मुलींना मी आयव्ही लावायला हात धरून शिकवलं, त्या आज मस्कत, लंडन, म्युनिकमध्ये आहेत. दिवाळीला फोन करतात, आनंद होतो. फोन ठेवला की मला तो वॉर्ड दिसतो.

मिरजेची_सिस्टर

मॅडम, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी खोडून काढणार नाही, कारण ते खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये ५५ देशांची यादी केली, जिथून आरोग्यसेवकांची सक्रिय भरती करू नये अशी. त्यात भारत नाही. म्हणून नियमाने आम्ही येऊ शकतो. पण यादीत देश नाही म्हणून आपल्या वॉर्डात सिस्टर पुरेशा आहेत असं होत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार.

माझ्याबद्दल एवढंच सांगते. सहा वर्षांच्या अनुभवावर मला बावीस हजार मिळत होते. कोविडमध्ये पीपीई किटमध्ये बारा-बारा तास उभी राहिले. दुसरी लाट ओसरल्यावर आमच्या बॅचमधल्या चार जणींना "आता पेशंट कमी आहेत" म्हणून काढून टाकलं. मी त्यात नव्हते, पण त्या दिवशी संध्याकाळी जर्मनच्या क्लासची फी भरली. सरकारी जागा वेळेवर निघाल्या असत्या आणि कायम स्वरूपाच्या असत्या, तर मी मिरज सोडलं नसतं.

निवृत्त_मेट्रन

जा बाळांनो. पण सुट्टीवर याल तेव्हा आपल्या कॉलेजात एक दिवस तरी जा आणि पोरींना ते चमच्याचं सांगा. आम्ही कधी शिकवलं नाही तसं.

कासची_फुलं

ए-वनला नाव घातलं. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात ते नऊ. ताई, करारात काय बघायचं तेही लिहा ना.

मिरजेची_सिस्टर

अभिनंदन! करारात मी हे बघितलं: मान्यता मिळेपर्यंतचा पगार आणि नंतरचा पगार, दोन्ही आकडे लिहिलेले हवेत. इथे वृद्धाश्रम आणि घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांमधल्या नर्सिंगला वेगळं किमान वेतन आहे, हॉस्पिटलांना ते लागू नाही. जुलै २०२५ मध्ये ते मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि नर्सला २०.५० युरो झालं, त्याच्या खाली त्या संस्था देऊ शकत नाहीत. परीक्षेच्या तयारीचा वर्ग कामाच्या तासांत धरलाय का? आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत मागणार, ते कलम दोनदा वाच. माझ्या एका मैत्रिणीने ते न वाचता सही केली आणि दीड वर्ष एका वृद्धाश्रमात अडकून पडली. कराराचं भाषांतर दुसऱ्याकडून करून घे, ज्याने करार आणलाय त्याच्याकडून नको.

मांजराकाठ

ताई, कागद आणि पासपोर्ट परत मिळाले. भाच्याला घेऊन गेलो होतो, तो तालुक्याला वकिली करतो. आगाऊ दिलेल्यातले पस्तीस हजार मिळाले, बाकीचे देतो म्हणालाय. मुलगी लातूरला क्लासला जाऊ लागली. सकाळी भाकरी थापताना मोबाइलवर जर्मन ऐकते. एक अडचण आहे. मार्कशीटवर आधी आडनाव, मग तिचं नाव, मग माझं. पासपोर्टवर तिच्या नावात माझं नाव नाहीच. कौन्सिलच्या प्रमाणपत्रावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं आहे. याने अडेल का?

मिरजेची_सिस्टर

काका, फार आनंद झाला!

अडू शकतं, पण आत्ता लक्षात आलं हे बरं झालं. कौन्सिलमधलं स्पेलिंग आधी दुरुस्त करून घ्या, त्याला वेळ लागतो, म्हणून क्लास चालू असतानाच अर्ज टाका. नावाच्या क्रमासाठी, ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करा. मी तेच केलं होतं, माझ्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं आहे. भाषांतर करणाऱ्याला पासपोर्टची प्रत आधीच द्या आणि सगळ्या कागदांवर नाव पासपोर्टसारखंच लिहायला सांगा. लग्नाचं ठरत असेल तर पासपोर्टवरचं नाव उर्कुंडे हातात येईपर्यंत बदलू नका.

आणि तिला सांगा, भाकरी थापताना ऐकते ते चांगलं आहे, पण ऐकलेलं वाक्य मोठ्याने म्हणायचं. काकूंना समजलं नाही तरी चालेल, त्यांच्याशीच बोलायचं.

माझी स्पेट, म्हणजे दुपारची ड्यूटी, दीडला सुरू होते. निघते. उरलेल्यांना रात्री उत्तरं देते.